कापसाचा बर्फ

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

ही डायरी शेखरले खताच्या दुकानातून फुकट भेटली. पानापानावर बोंडअळीचा फोटो आहे, त्याच्या बाजूबाजूनं लिहा लागते. रागिणीनं लिहाले लावलं. म्हणे, "आजी, तू दिवसभर बोलते ते अर्धं हवेत जाते. लिहून ठेव." मी म्हटलं, माही शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडी फिरून गेल्यासारखं. "फिरू दे कोंबडी," म्हणे, "बोलते तसंच लिही."

रागिणी माही नात. शेखर माहा पोरगा, साधना सून, त्यायची ही एकच पोरगी. भातकुलीजवळ वावर आहे, त्यात कापूस असते, पण आमचं चालते ते शेवंतीवर अन् सांभार-मेथीच्या जुड्यायवर. माल सकाळी अमरावतीले जाते. रागिणीही तिकडेच एका कॉलेजात पोरायले खेळ शिकवते. शिकत होती तवा एनसीसीवाल्यायनं तिले काश्मिरात नेलं, तिथं ती बर्फावर घसराले शिकली. पडाले नाही, घसराले. पायात दोन लांब पट्ट्या अडकवतात अन् डोंगरावरून खाली सुटतात. स्की म्हणतात त्याले. पहिल्यांदा फोनात पाहिलं तवा असं हसू सुटलं का डोळ्यातून पाणी. आमच्या साऱ्या खानदानात कोणी बर्फ पाहिला तं रसवंतीवरचा. अन् ही त्याच्यावरून पाखरावाणी येते! दर हिवाळ्यात जाते तवापासून.

आज हत्याराची पूजा. वखर, डवरा, विळे, फवाऱ्याचा पंप ओळीनं मांडले. रागिणीनं आपला बर्फाचा काळा चष्मा आणून पंपाजवळ ठेवला. साधना म्हणे, "हे काय हत्यार हाये का?" मी म्हटलं, ज्याच्या कामाचं त्याचं हत्यार, अन् कुंकवाचं बोट लावलं.

येत्या फेब्रुवारीत तिले मोठ्या कोर्सले बलावलं आहे. पास झाली तं मास्तरीण होईन, दुसऱ्यायले शिकवीन. त्याले सोताच्या पट्ट्या पायजेत. भाड्याच्या पट्टीवर परीक्षा देणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून शर्यत पळणं, म्हणे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारभर आमी दोघींनी पट्ट्या पाहिल्या. हात शेवंतीत, डोळे फोनात. एक माळ मी उलटी गुंफली, साधना बोलली.

मले वाटे पट्टी म्हणजे पट्टी. तसं नाही. मुळात बर्फच दोन जातीचा असते. एक यंत्रानं दाबलेला, लाटलेल्या पोळीसारखा. त्याच्यावरून सारे जातात. दुसरा मोकळा, आभाळातून जसा पडला तसाच, कोणाचा पाय न लागलेला. दाबलेल्यावर अरुंद पट्टी पायजे. तिचा पोलादी काठ कडक बर्फात विळ्यासारखा रुतते अन् पट्टी झटकन वळते. पण तीच मोकळ्यात नेली का बुडते. तिथं रुंद पायजे, समोरून नाक वर उचललेली, म्हणजे तरंगते. अन् ती रुंद दाबलेल्यावर आणली तं म्हशीसारखी वळते.

"मंग दोन जोड घे."

"दोन कुठून आणू वं आजी? परीक्षा दोन्हीवर होते. एकच पायजे, दोन्हीकडे चालणारी."

तवा मले आमच्या बैलबंडीची आठवण आली. रागिणीच्या आजोबानं, शेषरावनं, बंडी करवली तवा हेच भांडण झालं होतं. काळ्या मातीत पावसाळ्यात बारीक चाक रुतलं का बैल बसते पण चाक निघत नाही. तिथं चाकाले रुंद लोखंडी धाव पायजे. अन् तीच रुंद धाव सडकेनं अमरावतीले न्या, बैल फेस टाकते. दोन बंड्या कोण ठेवते? त्यायनं मधली धाव बसवली. गाव हसलं. पण ते चिखलात थोडी बसे, सडकेवर थोडी जड जाय, अन् अडली मात्र कुठं नाही. हे सांगतलं तं रागिणी फोन ठेवून माह्याकडे पाहतच रायली.

"आजी, कुंदन सर हेच म्हणतात! म्हणतात, पट्टी कशी हाये ते मंग पाय, आधी तू खरी कुठं जास्त जाशीन ते ठरव."

कुंदन सर म्हणजे तिचे तिकडचे मास्तर.

"मंग तू कुठं जास्त जाशीन?"

"मोकळ्यात," म्हणे, अन् अशी लाजली जशा दुसऱ्या पोरी पोराचं नाव घेतानी लाजतात.

"मंग मधलीतली जराशी रुंद घे," मी म्हटलं.

तिनं तीच पाहून ठेवली. उभी केली तं तिच्या नाकापर्यंत येईन अशी. पट्टीले कंबरही असते, बायकांसारखी मधी बारीक. कंबरेवरूनच ठरते म्हणे ती कोणत्या बर्फाची. मले किती हसू आलं! आमच्या काळात पोरगी पाहाले येणारेही तेच पाहात.

२६ ऑक्टोबर, रविवार

अकोल्याहून पाहुणे येऊन गेले. पोराचं नाव अंकुर. ठिबकच्या नळ्यायचं दुकान आहे, दिसाले राजबिंडा. आई चंदाबाई, बाप रामराव. रामराव चिवडा खातात अन् चंदाबाई बोलतात.

चंदाबाईनं विचारलं, "मुलगी थंडीत कुठं जाते म्हणे?"

साधनानं माह्याकडे डोळे वटारले. पण मी काहून लपवू? सोनं काय पदराखाली झाकाचं असते? मी सारं सांगतलं. फेब्रुवारीतला कोर्स, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेलोक, सारं. एकटी जाते, कोणाले भेत नाही. कुंदन सर किती चांगले ते सांगतलं, तिशीतलाच पोरगा पण भल्ला शिस्तीचा, नेम चुकू देत नाही, रोज फोन करते. चंदाबाई "हो का" म्हणल्या. मी बोलत गेली तश्या त्या "हो का, हो का" म्हणत गेल्या. म्हाताऱ्या माणसाचं इतकं मन लावून कोणी ऐकत नाही आजकाल.

अंकुर म्हणे, "छंद असावा माणसाला. मला काही प्रॉब्लेम नाही."

मी त्याचा हातच धरला. "बापू, लग्न झाल्यावर पोरगी बर्फावर जाईन ना?"

"जाईल की आजी. मीच घेऊन जाईन."

झालं! चार माणसायत जबान घेतली. आत जाऊन रागिणीले सांगतलं. ती बांगड्या काढून बसली होती. "आजी, तुले तो खरा वाटला?"

मी म्हटलं, "पन्नास साल भाजी इकली. वांगं हातात घेतलं का आत कीड हाये का नाही सांगतो."

बांगड्या डब्यात ठेवत म्हणे, "तू म्हणत असशीन तं हो म्हण."

शेखर गेलं सालभर डोकं आपटत होता तिच्यापुढं. त्याचं ऐकलं नाही, माह्या एका शब्दावर हो म्हणली. आज जेवणच गेलं नाही मले, इतका आनंद.

९ नोव्हेंबर, रविवार

पट्ट्या आल्या! लांबच लांब खोका. गल्लीतल्यायले वाटलं शेखरनं तुषार सिंचनाचे पाइप आणले.

निळ्या आहेत, मोराच्या मानेसारख्या. काठावरून बोट फिरवलं तं माहा अंगठा कापला. रागिणी म्हणे, "हात नको लावू ना आजी," अन् सोताच अंगठा तोंडात घालून रक्त चोखलं माह्या, लहान होती तवा मी चोखत होती तसं.

मी पाहिलं तं नुसत्याच पट्ट्या, पाय अडकवाले काहीच नाही. म्हटलं, फसवलं तुले. तं म्हणे, "नाही वं. बुटाचे खटके येगळे भेटतात, हे पाय. ते कुंदन सर तिकडे बसवतीन, माह्या बुटाच्या मापानं भोकं पाडून."

आतल्या खोलीत वेचणीचा कापूस भरला आहे, खिडकीलोक. ही पोट्टी पट्ट्या घेऊन त्या ढिगावर चढली. अनवाणी उभी रायली पट्ट्यायवर, गुडघे वाकवून, हात समोर. "पाय आजी, बुडतो का?"

"नाही वं माय, तरंगते!"

मंग ती सुटली ढिगावरून, दोन हात खाली आली अन् माह्या अंगावर पडली. सारा कापूस आमच्या तोंडात. साधना आली तं दोघी पांढऱ्या भूत. शेखर ओरडला, कापसात कचरा गेला म्हणून. वरडू दे. इतकी कवाच हसली नव्हती मी. शेषराव गेले तवापासून तं नाहीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

लग्नाची तारीख निघाली, आठ फेब्रुवारी. पौषात तं काही होत नाही, अन् माघात चंदाबाईच्या भटजीले हाच एक मुहूर्त गवसला. योगायोग पाहा, नेमका कोर्सच्याच दिवसात. मी रागिणीले म्हटलं, पुढच्या साली कोर्स काय पळून जाते? तवा नवराही सोबत राहीन. शेखर म्हणे, "एक सालात काय बर्फ वितळते?" या बोलण्यावर मी हसली, साधनाही हसली.

रागिणी गच्चीवर जाऊन अंकुरसंगं बोलली. उतरली तं मी विचारलं, काय म्हणते वं जवाई? "पुढच्या वर्षी नक्की, म्हणते." मी म्हटलं, पाय, मी सांगतलं नव्हतं?

ती जेवली नाही. लग्न ठरलं का पोरी जेवत नाहीत. मीही जेवली नव्हती.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत झाली. बरेच दिवस लिहिलं नाही, लग्नाची घाई आहे, पापड-कुरड्या, पाहुण्यायच्या याद्या, शेवंतीचाही भर हाच.

चंदाबाईचा निरोप आला का रुखवत चारचौघीसारखं नको, आमच्याकडे लोक पाहाले येतात. तं साधनाचं तोंड उतरलं. तिनं तांदळाची महिरप, सुपारीचे भटजी, शेवयाचं तुळशी वृंदावन असं काय काय ठरवलं होतं. ते तं सारेच मांडतात. मी रात्रभर इचार केला अन् पहाटे माह्या डोक्यात असं काही आलं का मीच उठून बसली. कोणाले सांगत नाही. डायरीलेही नाही सांगत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आता सांगतो. बर्फाचा डोंगर!

आपल्या घरचा कापूस, पांढरा फेक. पुंजाराम सुताराकडून फळी आणली, पाटासारखी पण दारायेवढी. तिच्यावर कापसाचा डोंगर चिकटवला, वरून अभ्रक भुरकवलं, असं चमचम करते. शिखरावर नवरा-नवरीच्या बाहुल्या. अन् डोंगराच्या मधोमध, फुलीसारख्या, रागिणीच्या निळ्या पट्ट्या. दोन्ही बाजूनं शेवंतीच्या माळा. असं रुखवत अमरावती-अकोल्यात कोणी पाहिलं नसन.

पट्ट्या सुतळीनं बांधल्या तं घसरतच रायल्या. घसरणार नाही तं काय, तेच त्यायचं काम! पुंजाराम म्हणे, "काकू, स्क्रू मारा लागते." मी म्हटलं मार. भोकं तं पाडाचीच होती, कुंदन सर तिकडे पाडणार होते, ते इकडे पाडली. मी पितळी डोक्याचे स्क्रू मांगवले, चकाकतात म्हणून. पुंजाराम म्हणे, "वरून निळं हाये, पण आत लाकूडच हाये काकू, चांगलं धरते." फळीत पार आरपार बसवले.

रागिणी साधनासंगं अमरावतीले मेंदीले गेली होती. दोघी सांजी आल्या. मी दारातच तिचे डोळे झाकले, हात धरून आत आणलं, अन् हात काढला.

ती मेंदीचे हात तसेच वर धरून उभी. मंग वाकून एक-एक स्क्रू पाहिला, बोट लावता येत नव्हतं तं नुसतं जवळून पाहिलं. पुंजारामले म्हणे, "काका, आरपार गेले का?" तो म्हणे, "एकदम मजबूत, ताई."

मंग मले म्हणे, "आजी, माह्या कानाले फोन लाव. कुंदन सर." मी लावला, धरून उभी रायली. तिनं सांगतलं काय झालं ते. ते बोलत होते, ती "हो सर, हो सर" करत होती. शेवटी मले म्हणे, "अजून होते म्हणतात. आत पाणी गेलं नाही तं भोकं बुजवता येतात. खटके जरा पुढं बसवू. फक्त काढून ठेवा लागीन, लवकर."

मी म्हटलं, "रुखवत झालं का काढू वं. माह्यावर रागावली का?"

"नाही आजी," म्हणे. "तुह्यावर रागावून मी कोणाकडे जाऊ?"

हे मले किती गोड वाटलं!

१० फेब्रुवारी, मंगळवार

लग्न परवा झालं. काय सांगू! लोक नवरी सोडून रुखवताकडे. अकोल्याच्या बायायनं डोंगरासमोर रांग लावून फोटो काढले. चंदाबाई मले जवळ घेऊन म्हणल्या, "आजी, तुम्ही तं कमाल केली. हे आता आमच्या हॉलमधी लावू." मी उचंबळून आली.

टेम्पो भरतानी रागिणी शालूत तशीच धावत आली. "आजी, स्क्रू काढाचे होते."

मी म्हटलं, "आता नको वं, चार माणसं पाहून रायले. अख्खं जाऊ दे, तुह्याच घरी चाललं. तिकडे काढशीन सवडीनं."

अंकुरनं तिले हाक मारली. ती गेली. डोंगर टेम्पोत आडवा ठेवला, वरून ताडपत्री बांधली. पाठवणीत साधना रडली, शेखर रडला. मी नाही रडली. माह्या शब्दावर गेली पोरगी, मी काहून रडू?

घर भल्लं शांत झालं.

२२ मार्च, रविवार

पाडवा झाला. रागिणी येणार होती, आली नाही, घरी पाहुणे होते. कॉलेजची नोकरी सोडली तिनं, अकोल्याहून रोज अमरावती म्हणजे जिवाचे हाल. आता आराम आहे. जवाईबापूनं तिले नवा फोन घेऊन दिला, नंबरही नवा. जुन्या नंबरावर नाही नाही ते फोन येतात म्हणे. किती काळजी करते पोरगा!

आता फोन केला का आधी चंदाबाई उचलतात, मंग रागिणीले देतात.

३ मे, रविवार. अकोला

काल अकोल्यात आली. बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर आलं तवा मी खिडकीतून वाकून पाहिलं, पहिले इथं शकुंतला उभी राहे, लहानशी गाडी, तिच्यातून मी माहेरी गेली होती एकदा, उतरून चाललं तरी संगं पोचत होतं. आता नाही ती. शेजारची बाई म्हणे, "आजी, डोकं आत घ्या, झळा लागतीन." खरंच आगच आहे. अकोल्यात तं ऊन म्हणजे तव्यावर बसल्यासारखं.

घर मोठं. हॉलमधी पाय टाकला अन् समोरच माहा डोंगर! सोफ्याच्या वरती. कापूस जरासा पिवळा पडला, पंख्यानं त्याच्यात धूळ बसली, बाहुल्यातला नवरा कुठं गेला कोण जाणे. पण पट्ट्या तशाच, निळ्या. मी हात जोडले.

चंदाबाईकडे सांजी दोन बाया आल्या. चंदाबाईनं त्यायले डोंगर दाखवला. "आमची सून बर्फावर घसरत होती," म्हणल्या. बाया म्हणल्या, "अगो बाई! आता?" "आता काय," चंदाबाई हसल्या, "आता घसरायचं कशाला, सारं हातात आहे." साऱ्या हसल्या, मीही हसली. रागिणी पन्हं घेऊन आली. बारीक झाली आहे. उन्हाळ्यात होतेच.

जेवणं झाली तशी माह्याजवळ येऊन बसली. हळू म्हणे, "आजी, तुहा फोन दे." मागच्या न्हाणीत गेली, नळ सोडला. मी दाराशी उभी, टॉवेल घेऊन. इतकंच ऐकू आलं, "सर, मेच्या शेवटापर्यंत बर्फ राहीन का वर?... दाबलेला नसला तं नसू द्या. मोकळाच पायजे... नाही, पाणी नाही गेलं, सुक्या आहेत... हो, थोडेच रायले, निघतात." बाहेर आली तं तोंड धुतलेलं, डोळे असे चमकत होते जसे कापसाच्या ढिगावर होते तवा. मले मिठी मारली. पोटात काही आहे का विचारलं तं नाही म्हणली.

४ मे, सोमवार. गाडीत

आज निघाली, दुपारच्या गाडीनं. पण त्याच्याआधी एक काम माह्या हातून झालं, बरं झालं मी आली ते.

सकाळी आंघोळ करून कुंकू लावाले रागिणीचा करंडा उघडला. तं कुंकवाच्या डबीखाली खुळखुळ वाजलं. पाहतो तं स्क्रू! माहेच पितळी डोक्याचे, मी ओळखणार नाही का? बरेच होते. खाली एक चपटी चमचीही होती, टोक घासून बारीक केलेली, कशाची कोण जाणे. मी म्हटलं, बाई बाई, पंख्याच्या हादऱ्यानं निसटले असतीन, पोरीनं कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून उचलून ठेवले अन् लाजेनं कोणाले सांगतलं नाही, का आजीचं काम कच्चं निघालं. अन् खालीच सोफा! चंदाबाई तिथंच बसतात. उद्या त्यायच्या डोक्यात पडलं तं नाव कोणाचं जाईन? भातकुलीचं.

मी ओंजळीत घेऊन बाहेर आली. अंकुर चहा पीत होता. "बापू," मी म्हटलं, "हे पाहा, पट्ट्या खिळखिळ्या झाल्या. रागिणीच्या करंड्यात होते."

अंकुरनं कप ठेवला. सोफ्यावर चढून हात लावला, एक पट्टी तं नुसती लोंबत होती. त्यानं रागिणीकडे पाहिलं. चंदाबाईनंही पाहिलं. रागिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कणकेचे हात. तिनं माह्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "अवं लाजते कायले? माहंच काम कच्चं."

अंकुर म्हणे, "बरं केलं आजी, सांगितलं ते." लगेच दुकानातून ड्रिल मशीन मांगवलं. लांब बोल्ट आणले, पट्टीतून, फळीतून, थेट भिंतीत जाणारे. चंदाबाई म्हणल्या, "रागिणी, स्टूल धर. नीट धर, हलू देऊ नको." रागिणीनं हात धुतले अन् स्टूल धरलं. वरून निळा भुसा पडत होता अन् त्याच्या आत पिवळा, लाकडाचा. तिच्या केसावर, खांद्यावर. पुंजारामनं पाडली त्याच्याहून मोठी भोकं पडली. तो वरती काम करून रायला, ती खाली स्टूल धरून. नवरा-बायको मिळून घरचं काम करतानी पाहिलं का डोळे निवतात.

झाल्यावर मी सोता ओढून पाहिलं. इतकुसंही हलत नाही. चंदाबाई म्हणल्या, "आता भूकंप आला तरी जागेवर."

चमची मात्र चंदाबाईनं उचलून घेतली. त्यायच्याच सेटातली होती म्हणे.

निघतानी रागिणी दारालोक आली. पाया पडली नाही. इतके लोक होते, विसरली असन. बर्फाचा तो भुसा केसात तसाच होता, म्हणजे बर्फाचा कुठला, पट्टीचा, मी झटकून दिला. मले म्हणे, "आजी, डायरी लिहिते का अजून?"

"लिहितो ना. तूच तं लावली."

"मंग आजचं लिहिजो," म्हणे. "काही सोडू नको."

"आजचं काय वं?"

ती आत गेली अन् झाडू घेऊन सोफ्याखालचं झाडाले लागली.

गाडीत बसल्या-बसल्या लिहून रायली. नेमकं काय लिही म्हणत होती ते सांगतलं नाही तिनं, म्हणून मी सारंच लिहिलं.